कृष्णाकाठची पिवळी पेठ : सांगली

सह्याद्रीत उगम पावलेली कृष्णा सातारा जिल्हा ओलांडून दक्षिणेकडे वाहू लागते, तेव्हा तिचा वेग बराच मंदावलेला असतो. डोंगर मागे पडलेले असतात, पात्राला लांबच लांब वळणे पडू लागतात आणि दोन्ही तीरांवर तिने शतकानुशतके आणून टाकलेल्या काळ्याभोर गाळाचे थर पसरलेले दिसतात. अशाच एका वळणावर सांगली वसली आहे. शहराच्या खालच्या अंगाला, हरिपूर येथे, पश्चिमेकडून आलेली वारणा कृष्णेला मिळते. या संगमाने सांगलीला जमीन दिली, पीक दिले, बाजारपेठ दिली. आणि पुरांचा धाकही दिला. या शहराची कोणतीही गोष्ट सांगू गेले, तरी ती फिरून नदीपाशीच येते.

नावाविषयी अनेक मते आहेत. सर्वांत लोकप्रिय कथा सांगते, की येथे पूर्वी सहा गल्ल्यांचे लहानसे खेडे होते. ‘सहा गल्ली’ म्हणता म्हणता सांगली झाले. कोणी नावाचे मूळ कानडीत शोधतात, तर कोणी ‘संगम’ या शब्दात. व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीला सहा गल्ल्यांची कथा कितपत उतरेल, याची शंकाच आहे. परंतु दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी हे एक साधे खेडे होते, एवढा इतिहास मात्र त्या कथेने अचूक जपला आहे.

मिरजेहून आलेला गणपती

या खेड्याचे भाग्य उजळले ते पटवर्धन घराण्यातील भाऊबंदकीमुळे. कोकणातील कोतवडे गावचे हरभट पटवर्धन हे इचलकरंजीच्या घोरपड्यांचे उपाध्ये. त्यांच्या पुत्रांनी भिक्षुकी सोडून पेशव्यांच्या फौजेत तलवार गाजविली आणि कृष्णा-तुंगभद्रेच्या टापूत मोठी जहागीर मिळविली. तिचे मुख्य ठाणे मिरज. पुढे चिंतामणराव आप्पासाहेब व त्यांचे चुलते गंगाधरराव यांच्यात वितुष्ट येऊन १८०१ मध्ये वाटणी झाली. मिरज चुलत्यांकडे राहिली. चिंतामणराव तेथून निघाले ते आपले आराध्यदैवत गणपती बरोबर घेऊनच, अशी आठवण आजही सांगितली जाते. त्यांनी सांगली ही आपली राजधानी केली, गणेशदुर्ग बांधला, पेठा वसविल्या आणि नदीकाठी गणपतीचे देखणे मंदिर उभे केले. मंदिरासाठी काळा पाषाण जोतिबाच्या डोंगरातून आणविला, असे सांगतात.

या मंदिरातील ‘चोर गणपती’ ची प्रथा नवख्या माणसाला चकित करते. भाद्रपद चतुर्थीला सारा महाराष्ट्र वाजतगाजत गणेशमूर्ती घरी आणतो. सांगलीच्या या मंदिरात त्याआधीच, प्रतिपदेला, वाद्यांचा गजर न करता एक मूर्ती बसविली जाते. ती चोरपावलांनी येते म्हणून चोर गणपती! मूर्ती कागदाच्या लगद्याची असून तिचे दरवर्षी विसर्जन केले जात नाही. गणपती मिरजेहून आला आणि उत्सवातला गणपती गुपचूप येतो, या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा मोह होतो; परंतु तसा पुरावा नाही.

चिंतामणरावांच्या दरबारातच मराठी रंगभूमीची पहाट झाली. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून, तसे काही मराठीत करावे, असे त्यांनी आपल्या आश्रयातील विष्णुदास भावे यांना सुचविले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत रंगले. पुढे ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल जन्मले तेही जवळच्याच हरिपुरात. शेतीमालाच्या पेठेत नाटक रुजावे, याचे काहींना आश्चर्य वाटते. वास्तविक त्यात नवल नाही. सुगीनंतर ज्यांच्या हाती चार पैसे आणि चार मोकळ्या रात्री असतात, असा श्रोता या पेठेने आणि भोवतालच्या गावांनी रंगभूमीला पुरविला.

हळकुंड आणि पेव

संस्थानने १९०७ मध्ये मिरजेपासून सांगलीपर्यंत रेल्वेचा छोटा फाटा आणला आणि पेठेला वेग आला. गूळ, शेंगदाणा, मिरची यांबरोबर हळदीची आवक वाढली. पाहता पाहता सांगलीची हळदपेठ देशातील अग्रगण्य पेठांत गणली जाऊ लागली. आज हा व्यवहार वसंतदादा मार्केट यार्डात चालतो. जानेवारीच्या सुमारास नवी हळद येऊ लागली, की आवाराला पिवळी कळा येते. हमालांचे कपडे, तोलाईच्या काट्याचे पारडे, दुकानांच्या पायऱ्या, सगळ्यांवर तो रंग चढतो.

हे पीक शेतकऱ्याची कसोटी पाहणारे आहे. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावण करावी, आठ-नऊ महिने पाणी, खत व भांगलण यांत कमी पडू देऊ नये, तेव्हा कोठे माघ-फाल्गुनात कुदळीने कंद निघतात. मग जेठे गड्डे, बगल गड्डे, सोरा गड्डे आणि हळकुंडे अशी निवड करावयाची. काहिलीत शिजवावयाचे, पंधरवडाभर उन्हात वाळवावयाचे आणि फिरत्या पिंपात घासून त्यास झळाळी आणावयाची. पाच मण ओल्या हळदीची जेमतेम एक मण सुकी हळद होते. ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’ ही म्हण ज्याने रचली त्याने बहुधा हळद पिकविली नसावी. ज्याने ती पिकविली तो सहजासहजी पिवळा होत नाही.

परंतु सांगलीचे खरे वैशिष्ट्य हळद पिकविण्यात नसून ती साठविण्यात होते. हरिपूरच्या परिसरातील माती घट्ट व चिवट आहे. तीत खोल खड्डा घेतला तरी कडा ढासळत नाहीत आणि बाजूने ओल झिरपत नाही. या गुणाचा उपयोग करून येथे शेकडो पेवे खोदली गेली. पेवाचे तोंड एक माणूस उतरू शकेल इतकेच. आत मात्र ते सुरईसारखे फुगत जाते. खोली सुमारे २० ते २५ फूट. तळाला व कडेला उसाच्या पाचटाचा किंवा गवताचा जाड थर, त्यावर चटया, आणि आत शेकडो पोती हळद. तोंडावर फरशी ठेवून माती लोटली, की पावसाचे पाणी बाजूने निघून जावे असा उंचवटा करीत. वरून पाहणाऱ्यास ती मोकळी माळजमीनच वाटे. तिच्याखाली लाखो रुपयांचा माल निजलेला असे.

बंद पेवात हळद वर्षानुवर्षे टिकते. कीड लागत नाही, रंग उतरत नाही. त्याचे कारण सरळ आहे. कोंडलेल्या हवेतील प्राणवायू हळूहळू संपतो आणि त्याविना किडीस जगता येत नाही. आधुनिक हवाबंद साठवणुकीचे तत्त्व हेच; हरिपूरच्या माणसाने ते प्रयोगशाळेविना हस्तगत केले होते. जी हवा किडीला मारते ती माणसालाही मारते, हेही तो जाणून होता. म्हणून पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे. काही तास तोंड मोकळे ठेवून मग दोरीने पेटता कंदील आत सोडीत. ज्योत टिकली तर माणूस उतरणार. विझली तर थांबणार. धान्याची पेवे महाराष्ट्रात अन्यत्रही होती. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार त्यांनीच भाषेला दिला. हळदीची पेवे मात्र ही हरिपूरची खास ओळख ठरली.

या साठवणुकीचा अर्थकारणाशी निकट संबंध होता. भाव पडले असता माल पेवात टाकावा, चढले की काढावा, अशी सोय झाल्याने सांगलीत दूरदूरची हळद येऊ लागली आणि तिचे वायदेही येथे होऊ लागले. मात्र पेवाचा मालक बहुतेक वेळा व्यापारीच असे, हे विसरून चालणार नाही. ज्याने हळद पिकविली त्याला सावकाराचे देणे व पुढच्या लावणीचे बेणे डोळ्यांपुढे दिसे. भावाची वाट पाहण्याची ऐपत त्याच्यापाशी नसे. त्यातून पूर्वी अनेक पेठांत रुमालाखाली बोटे दाबून सौदा होई आणि आपल्याच मालाचा भाव शेतकऱ्याला सर्वांत शेवटी कळे. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यानंतर बाजार समित्यांच्या आवारात उघड लिलावाची पद्धत दृढ झाली, ही गोष्ट शेतकऱ्याच्या दृष्टीने कोणत्याही नव्या इमारतीपेक्षा मोलाची होती.

खंदकातील उडी

पेठेच्या हिशेबी स्वभावाला न शोभणारे एक प्रकरणही या शहराच्या नावावर आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून, तटावरून खंदकात उड्या टाकून निसटले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव हे दोघे हुतात्मा झाले. वसंतदादा गोळी लागून जखमी झाले. पुढे हेच वसंतदादा सहकारी साखर कारखानदारीचे एक आधारस्तंभ व राज्याचे मुख्यमंत्री झाले. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

सहकारी कारखान्याने कृष्णाकाठचे चित्र पालटले. उसाला हमखास गिऱ्हाईक मिळाले आणि हळदीच्या वाफ्यांत ऊस उभा राहिला. आज सांगलीच्या यार्डात येणाऱ्या हळदीत कर्नाटक, तेलंगण, आंध्र प्रदेश व मराठवाड्याच्या मालाचा वाटा मोठा आहे. राज्यात हळदीचे क्षेत्र हिंगोली-नांदेडच्या बाजूस वाढले आहे. गुजरात-राजस्थानच्या व्यापाऱ्यांना हवी असलेली राजापुरी हळद अद्याप सांगलीचे नाव राखून आहे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले. येथील बेदाण्यास ते त्याआधीच लाभले होते. जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी चढविले आणि तासगावच्या द्राक्षबागांना व बेदाण्याच्या शेडना बळ मिळाले. त्याच नदीच्या काठी मात्र वेगळेच संकट वाढत होते.

पाणी चढते तेव्हा

संस्थानकाळी बांधलेला आयर्विन पूल १९२९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याच्या खांबावरील फुटांचे आकडे हे सांगलीचे पावसाळी पंचांग होय. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. आषाढ-श्रावणात दोन सांगलीकर भेटले, की क्षेमकुशलाच्या आधी “आयर्विनला किती?” हाच प्रश्न निघतो.

सांगलीस पूर का येतो, हे नकाशावर नीट दिसते. कोयना व कृष्णेचे पाणी वरून येते. शहराखाली वारणा मिळते आणि पुढे नृसिंहवाडीजवळ पंचगंगा. तिन्ही खोऱ्यांत एकाच वेळी अतिवृष्टी झाली, की खालच्या नद्या कृष्णेची वाट अडवितात. पात्राला उतार अल्प असल्याने पाणी मागे फुगते आणि सखल उपनगरांत पसरते. धरणांतून पाणी केव्हा व किती सोडावे, खाली कर्नाटकातील अलमट्टीचा परिणाम किती, यांवर तज्ज्ञांत वाद आहेत. पण नदीच्या हक्काच्या ओत पात्रात घरे उभी राहिली, यावर वाद होण्याचे कारण नाही.

२००५ च्या महापुराने हरिपूरच्या पेवांवर घाव घातला. जी माती बाजूची ओल रोखीत आली होती, ती डोक्यावर उभ्या राहिलेल्या पाण्यापुढे हतबल झाली. पेवे भरली, हळद कुजली आणि व्यापाऱ्यांचा त्या पद्धतीवरील विश्वास उडाला. माल गोदामांत व शीतगृहांत जाऊ लागला. २०१९ मध्ये आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. शहराचा मोठा भाग दिवसेंदिवस पाण्यात राहिला. २०२१ मध्ये पुन्हा ५० फुटांची रेषा ओलांडली गेली.

शीतगृहे सुरक्षित आहेत, सोयीची आहेत. तेथे ठेवलेल्या मालाच्या पावतीवर कर्जही मिळू शकते, ही शेतकऱ्यास पेवाने कधी न दिलेली सवलत. म्हणून पेवांकडे परत जा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु विजेविना, औषधी धुरीविना हळद राखणारी ही पद्धत नोंदीशिवाय नाहीशी होऊ देणे शहाणपणाचे नाही. पेव खोदताना मातीचा पोत हाताने कसा ओळखावा, पाचट किती जाड रचावे, हे सांगू शकणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत. पूररेषेबाहेर, उंचावर दोन-चार पेवे चालू स्थितीत ठेवून कृषी महाविद्यालयांनी त्यांचा अभ्यास करावा, एवढी अपेक्षा अवास्तव ठरू नये.

पूर ओसरला की नदी मळीचा नवा थर मागे ठेवून जाते. त्या मळीत हिवाळ्यात कृष्णाकाठची वांगी धरतात. त्यांच्या भरिताची ख्याती पुण्या-मुंबईपर्यंत पोहोचली आहे. संध्याकाळी घाटावर भडंगाचे पुडे सोडून बसलेली माणसे, श्रावणी सोमवारी हरिपूरच्या संगमेश्वराकडे निघालेली रांग, पोहणाऱ्या पोरांना मगरीची भीती घालणारे वडीलधारे (आणि ही भीती खोटी नव्हे, नदीत मगरी आहेत), हे सारे नित्याचे. पावसाळ्यात पाण्याचा जोर बेताचा असेल, तर कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागतात. काठावर दाटी होते, नावाड्यांच्या नावाने आरोळ्या उठतात, आणि पुलावरच्या गर्दीतील एखादा खाली वाकून खांबावरचा आकडाही वाचून घेतो.