स्वमग्न मूल : ओळखणारे आणि शिकवणारे कसे घडतात?

आपल्या घरांत मूल दोन-अडीच वर्षांचे झाले आणि तरी बोलत नसले की ठरलेली वाक्ये ऐकू येतात. दादी म्हणते, "याचे अब्बासुद्धा उशिराच बोलले होते." नानीला वाटते, कुणाची तरी नजर लागली. शेजारची खाला सगळा दोष मोबाइलवर टाकते. दुआ होते, दम केलेले पाणी पाजले जाते, कुणी तावीज आणून देते. यात वर्ष जाते, कधी दोन वर्षे जातात. दुआ जरूर करावी. पण इलाज करून घेण्याची ताकीदही आपल्याला प्रेषितांनी (स.) दिली आहे आणि मूल ही तर अमानत आहे.

पण अशा मुलाला न्यायचे कुणाकडे? कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे, मानसोपचारतज्ज्ञाकडे की 'थेरपी सेंटर' अशी पाटी लावलेल्या कुठल्याही जागी? याचे उत्तर हवे असेल तर स्वमग्नता म्हणजे ऑटिझम ओळखणारी आणि अशा मुलांना शिकवणारी माणसे काय शिकून येतात, हे पालकांनी समजून घ्यायला हवे.

दोष आईचा नाही

१९४३ साली अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन केले. पुढे काही दशके 'आईने माया दिली नाही म्हणून मूल असे झाले' हा समज डॉक्टरांमध्येही पसरला होता. तो खोटा ठरला. १९९८ मध्ये अवघ्या १२ मुलांवरच्या एका लेखातून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर संशय घेतला गेला. तो लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतील जन्मजात वेगळी घडण आहे आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. सुनेला बोल लावणाऱ्या प्रत्येक घराने एवढे तरी लक्षात ठेवावे.

निदान म्हणजे पाहणे

स्वमग्नता दाखवणारी रक्ताची चाचणी नाही की स्कॅन नाही. म्हणून या क्षेत्रातील प्रशिक्षणाचा गाभा आहे निरीक्षण. २०१३ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांत दोन गोष्टी पाहतात. पहिली, माणसांशी देवाणघेवाण : नजर, हावभाव, बोलणे, खेळणे. दुसरी, तेच ते वागणे : हात फडफडवणे, गाडीचे एकच चाक फिरवत बसणे, ठरलेल्या क्रमाचा हट्ट, आवाज किंवा स्पर्श अजिबात सहन न होणे. दोन्ही बाजू आढळल्या आणि त्या लहानपणापासून असल्या, तरच निदान होते. नुसते उशिरा बोलणे म्हणजे स्वमग्नता नव्हे.

पालकांनी लक्ष ठेवावे अशा खुणा सोप्या आहेत. वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी वळत नाही. चंद्र, मांजर, विमान बोटाने दाखवत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही. आणि आलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, थांबू नये.

जाणकार व्यक्ती आधी श्रवण तपासून घेते, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला वळत नाही. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी 'एम-चॅट' ही २० प्रश्नांची यादी आहे. ती फक्त चाळणी आहे. तिच्यात धोका दिसला तर पुढची तपासणी करायची असते. आपल्या देशात सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने 'इसा' ही ४० मुद्द्यांची मोजपट्टी तयार केली. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण असतात. एकूण गुण ७० किंवा जास्त झाले तर स्वमग्नता मानली जाते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी हीच वापरतात. पण पट्टी हातात आली म्हणून कुणी तज्ज्ञ होत नाही. मूल लाजते आहे, घाबरले आहे की त्याला संवादच साधता येत नाही, हा फरक अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली पुष्कळ मुले पाहिल्यावरच कळू लागतो.

उर्दू घर, मराठी अंगणवाडी

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. घरात उर्दू, दखनी किंवा कोकणी बोली, अंगणवाडीत मराठी, शाळेत इंग्रजी. परक्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला मूल गप्प राहिले तर तो दोष मुलाचा नाही. चांगला तपासनीस घरात कोणती भाषा आहे हे आधी विचारतो आणि त्या भाषेत आईला मुलाशी बोलायला लावतो. काही ठिकाणी 'घरची भाषा बंद करा, फक्त इंग्रजी बोला' असा सल्ला मिळतो. दोन भाषांमुळे स्वमग्नता होत नाही आणि वाढतही नाही. जी भाषा आईला मनापासून येते, तिच्यातच ती मुलाशी खेळू शकते, गाऊ शकते, त्याला समजावू शकते.

शिकवणारे कोण?

निदान सहसा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. पुढचे काम वाचा-उपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांचे. १९९२ च्या कायद्याने चालणारी भारतीय पुनर्वास परिषद विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि त्यांची नोंदणी करते. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी वेगळ्या परिषदेकडे असते. वाचा-उपचाराची पदवी मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत मिळते. आपल्या मुला-मुलींसाठी हा उत्तम पेशा आहे. उर्दू आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या थेरपिस्टची गरज किती आहे, हे उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना विचारा.

या प्रशिक्षणात शिकवतात ते ऐकायला साधे आहे : काम लहान तुकड्यांत मोडा, शब्दाबरोबर चित्र दाखवा, पुढे काय होणार ते आधी सांगा. रमजानमध्ये घराचे वेळापत्रक एकदम बदलते आणि असे मूल बिथरते. सहरी, शाळा, इफ्तार, झोप यांची चार चित्रे ओळीने भिंतीवर लावली तर त्याला दिवस कळतो. ईदच्या गर्दीत, लग्नाच्या बँडमध्ये ते कान झाकून रडले तर तो हट्ट नसतो. त्याला शांत खोली हवी असते.

मूळ स्वमग्नता घालवणारे औषध नाही. तीव्र चिडचिड, स्वतःला इजा करणे किंवा झोपेची अडचण असेल तर डॉक्टर औषध देतात, तेवढेच.

गोवा आणि रावळपिंडी

तज्ज्ञ मोजके आणि मुले पुष्कळ, मग करायचे काय? ब्रिटनमध्ये वाचा-उपचारतज्ज्ञ पालकांना शिकवण्याची एक पद्धत वापरत होते. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत तीच पद्धत सामान्य आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवली गेली. कार्यकर्ते साधारण पंधरा दिवसांनी पालकांना भेटत. आई-मुलाच्या खेळाचे चित्रण करत आणि तेच तिच्यासोबत बसून पाहत. मुलाने कुठे नजर दिली, आईने कुठे घाई केली, हे आईलाच दिसे. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पालक मुलाच्या इशाऱ्याला अधिक नेमका प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून अधिक संवाद सुरू करू लागली. सहभागी मुले अवघी ६५ होती, तेव्हा यातून फार मोठे दावे करू नयेत. पण नीट शिकवले आणि देखरेख ठेवली, तर मोठी पदवी नसलेली माणसेही मदत करू शकतात, हे दोन्ही देशांतल्या घरांनी दाखवले.

दारात पाऊल टाकण्यापूर्वी

कुठल्याही केंद्रात पाच गोष्टी जरूर विचारा :

१. तुमचे शिक्षण काय आणि नोंदणी क्रमांक कोणता?
२. मुलाचे ध्येय लेखी देणार का? 'सुधारणा' नको, 'तीन महिन्यांत पाणी मागायला शिकवू' असे नेमके हवे.
३. आम्हाला सत्रात बसू देणार का?
४. घरी काय करायचे ते शिकवणार का?
५. मुलाला मारता, बांधता की कोंडता?

'सहा महिन्यांत पूर्ण बरा करतो' असे म्हणणाऱ्याकडून, मग तो आमिल असो की पदवीधर, मुलाला घेऊन परत या.

खर्चाची चिंता असेल तर आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अनेक जिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढणे म्हणजे मुलावर शिक्का मारणे नव्हे. शाळेतील सवलती आणि योजनांचे दार त्यानेच उघडते. लोक काय म्हणतील म्हणून, विशेषतः मुलीच्या बाबतीत, ते लपवू नका. घरात दोन वर्षांचे मूल हाकेला वळत नसेल तर याच आठवड्यात त्याचे कान तपासून घ्या. सुरुवात तिथून होते.