मेलबर्नची वृत्तपत्रीय काष्ठचित्रे
मेलबर्नची वृत्तपत्रीय काष्ठचित्रे : ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीची राजधानी मेलबर्न हिची, लाकडी ठोकळ्यांवर कोरून एकोणिसाव्या शतकातील सचित्र नियतकालिकांत छापलेली चित्रे. व्हिक्टोरियात १८५१ मध्ये सोने सापडले आणि दहा वर्षांत वसाहतीची लोकसंख्या सुमारे ७७ हजारांवरून ५ लाख ४० हजारांवर गेली. बॅलरॅट, बेंडिगो येथील खाणींकडे जाणारे लोक मेलबर्नला उतरत. १८५२ मध्ये यारा नदीच्या दक्षिणेस त्यांच्या तंबूंचे एक गावच वसले होते. या घडामोडींची चित्रे पाहण्यास ब्रिटनमधील वाचक उत्सुक होते.

ही चित्रे बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर कोरीत. ठसा उठावाचा असल्याने तो खिळ्यांच्या मजकुराबरोबरच छापता येई. या झाडाचे खोड बारीक असते. म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे जोडून, ते निरनिराळ्या कारागिरांत वाटून देत. सांध्यांच्या पांढऱ्या रेघा काही प्रतींत स्पष्ट दिसतात.

आरंभीची बरीच चित्रे *द इलस्ट्रेटेड लंडन न्यूज* (स्थापना १८४२) मधील आहेत. मूळ रेखाटन जहाजाने लंडनला पोहोचण्यास काही महिने लागत आणि ते कोरणाऱ्याने मेलबर्न बहुधा पाहिलेले नसे. त्यामुळे इमारतींचे तपशील व झाडांची ठेवण यांबाबत ती जपूनच वापरावी लागतात. पुढे सॅम्युएल कॅल्व्हर्ट (१८२८–१९१३), फ्रेडरिक ग्रोसे (१८२८–९४) यांसारखे उत्कीर्णक मेलबर्नमध्येच काम करू लागले. *इलस्ट्रेटेड मेलबर्न पोस्ट* (१८६२–६८), *ऑस्ट्रेलेशियन स्केचर* (१८७३–८९) इ. नियतकालिके तेथूनच निघत. चित्रे स्थानिक झाली, तरी नजर पूर्णतः स्थानिक झाली असे म्हणता येत नाही. *इलस्ट्रेटेड ऑस्ट्रेलियन न्यूज* च्या शीर्षकात काही वर्षे ‘मायदेशीच्या वाचकांसाठी’ अशा अर्थाचे शब्द होते. हा मायदेश म्हणजे ब्रिटन. साहजिकच बँका, रुंद रस्ते व १८८० च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाची भव्य इमारत यांना चित्रांत मानाचे स्थान मिळाले. लिटल बर्क स्ट्रीटवरील चिनी वस्ती पुष्कळदा कुतूहलाचा किंवा उपहासाचा विषय ठरली, तर या भूमीचे मूळ रहिवासी वुरुंजेरी लोक या शहरदृश्यांतून जवळजवळ अदृश्यच झाले.

छायाचित्रावरून हाफटोन ठसे बनू लागल्यावर शतकाअखेर ही कला मागे पडली. जुन्या अंकांतून कापलेली पाने आता संग्राहकांत विकली जातात. मूळ छपाई सहसा एकरंगी असे; सुट्या पानांवरील जलरंग बहुधा नंतर भरलेले असतात. पानामागील मजकूर मात्र अंकाची ओळख पटविण्यास उपयोगी पडतो.