नऊ रुपये बारा आण्यांचा हिशेब

गेल्या महिन्यात तास संपल्यावर तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी माझ्यापाशी येऊन उभा राहिला. अर्थशास्त्रातली एखादी शंका असेल असे मला वाटले. त्याने पिशवीतून काढले ते मात्र एका कादंबरीचे हस्तलिखित. दिवसा महाविद्यालय, संध्याकाळी औषधांच्या दुकानात नोकरी आणि रात्री लेखन असा त्याचा दिनक्रम. दोन प्रकाशकांनी हस्तलिखित ‘साभार परत’ केले होते, तिसऱ्याने आठ महिन्यांत उत्तरच दिले नव्हते. त्याचा प्रश्न सरळ होता : “सर, आणखी किती वर्षे पाठवत राहायचे?”

‘प्रयत्नांती परमेश्वर’ हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. पण ते मी गिळले. लॉटरीच्या दुकानावर बक्षीस लागलेल्यांची नावे रंगवलेली असतात. ज्यांना काहीच लागले नाही त्यांची पाटी कोणी लावत नाही. लेखकांच्या चिकाटीच्या ज्या कथा आपण सत्कार समारंभांतून ऐकतो, त्या अशाच विजेत्यांच्या पाटीवरच्या असतात. चिकाटी धरूनही ज्यांचे एक पान छापले गेले नाही, त्यांची साक्ष काढायला कोण जातो? तेव्हा केवळ ‘प्रयत्न सोडू नकोस’ असे सांगणे म्हणजे ‘आणखी एक तिकीट घे’ असे सांगण्यासारखेच होय. नकार पचवून पुढे गेलेल्या लेखकांनी नकार आणि यश यांच्या मधल्या काळात नेमके काय केले, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. सुदैवाने दोन कादंबरीकारांनी आपला जमाखर्च लिहून ठेवला आहे.

टपाल खात्यातला कारकून

अँथनी ट्रॉलप हा इंग्रज लेखक १८३४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लंडनच्या टपाल खात्यात कारकून म्हणून लागला. पुढे त्याची बदली आयर्लंडला झाली आणि तेथे १८४३ मध्ये त्याने पहिली कादंबरी लिहावयास घेतली. ती १८४७ मध्ये निघाली. प्रकाशकाकडून त्याला ना पैसा मिळाला ना हिशेब. दुसऱ्या कादंबरीच्या ३७५ प्रती छापल्या गेल्या आणि खपल्या १४०. प्रकाशकाने ६३ पौंडांहून अधिक तोटा कळवला आणि कादंबरीलेखन चालू ठेवण्यास आपण उत्तेजन देऊ शकत नाही, असेही सोबत लिहिले. तिसऱ्या, ‘ला व्हाँदे’ नावाच्या कादंबरीचे २० पौंड मिळाले. वाचक मात्र मिळाले नाहीत. त्यानंतर लिहिलेले नाटक ज्या जाणकार स्नेह्याला दाखवले, त्याने ते सपशेल नापसंत केले.

१८५५ साली ‘द वॉर्डन’ प्रसिद्ध झाली. वर्षअखेर लेखकाच्या वाट्याला आले ते ९ पौंड ८ शिलिंग ८ पेन्स! या दराने खडी फोडण्याचे काम अधिक परवडले असते, असा हिशेब त्याने स्वतःच मांडून ठेवला आहे. मात्र हीच कादंबरी त्याच्या कीर्तीचा पाया ठरली. १८५७ मध्ये ‘बारचेस्टर टॉवर्स’ आली, आणि पुढल्या पाच वर्षांच्या आत एका मासिकाने त्याला एका कादंबरीचे हजार पौंड देऊ केले. मृत्यूनंतर, १८८३ मध्ये प्रकाशित झालेल्या आत्मचरित्रात त्याने लेखनाच्या एकूण कमाईची यादीच दिली आहे : ६८,९३९ पौंड १७ शिलिंग ५ पेन्स. अभिरुचिसंपन्न टीकाकारांना हा वाणीपणा रुचला नाही. मला मात्र त्या यादीतला नऊ पौंडांचा आकडा अधिक मोलाचा वाटतो.

म्हैसूरचे नारायण

दुसरा हिशेब आपल्या देशातला आहे. ‘गाईड’ चित्रपटामुळे आणि १९८० च्या दशकात शंकर नाग यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या ‘मालगुडी डेज’ या मालिकेमुळे आर. के. नारायण हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. पण १९३० च्या सुमारास ते म्हैसूरच्या एका मोठ्या कुटुंबातले, शिक्षकाची नोकरी लागताच सोडून आलेले एक तरुण होते. लेखनाच्या पहिल्या वर्षी त्यांची प्राप्ती झाली नऊ रुपये बारा आणे. तीही कथा-कादंबरीची नव्हे. सतराव्या शतकातील इंग्लंडच्या सागरी कायद्यांवरील ग्रंथाच्या परीक्षणाची! दुसऱ्या वर्षी एका कथेचे अठरा रुपये आले, तिसऱ्या वर्षी एका बालकथेचे तीस.

१९३० मध्ये आजीने पाहून दिलेल्या शुभ दिवशी त्यांनी नवी वही आणली आणि मालगुडीच्या पहिल्या कादंबरीला आरंभ केला. हस्तलिखित इंग्लंडला जाई आणि परत येई. अखेर त्यांनी ते ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या मित्राकडे पाठवण्याची व्यवस्था केली आणि त्याला लिहिले की, आता याला दगड बांधून थेम्स नदीत बुडवून टाक. मित्राने ते बुडवले नाही. ग्रॅहॅम ग्रीन यांच्या हाती दिले. ग्रीन यांच्या शिफारशीने १९३५ मध्ये ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ प्रसिद्ध झाली. गोष्टीवेल्हाळ माणूस येथेच थांबेल. परंतु पुढचा भाग अधिक बोलका आहे. पुस्तक खपले नाही. १९३७ ची दुसरी कादंबरी दुसऱ्या प्रकाशकाने काढली, १९३८ ची तिसरी तिसऱ्याने. १९३९ मध्ये त्यांच्या पत्नीचे विषमज्वराने निधन झाले. त्या दुःखातून उभी राहिलेली ‘द इंग्लिश टीचर’ १९४५ साली आली, ती चौथ्या प्रकाशकाकडून. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९६० मध्ये, ‘द गाईड’ला. तोवर त्या शुभ दिवसाला तीस वर्षे लोटली होती.

नकारांचे दोन प्रकार

या दोन हिशेबवह्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. या लेखकांना मिळालेले सगळेच नकार अन्यायाचे नव्हते. ट्रॉलपची ‘ला व्हाँदे’ ही फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली ऐतिहासिक कादंबरी. त्या प्रांताच्या जीवनाशी लेखकाचा परिचय नव्हता आणि पुढे हे त्याने मोकळेपणाने मान्यही केले. नारायण यांनी आरंभी ‘प्रिन्स यझिद’ नावाचे एका मोगल राजपुत्रावरचे नाटक लिहिले होते. तेही परत आले. म्हैसूरच्या तरुणाला मोगल दरबाराचे काय ठाऊक? दोघांनीही आधी उसनी जमीन नांगरून पाहिली आणि तीत पीक आले नाही.

त्यानंतर जे घडले त्याला मी चिकाटी म्हणतो. १८५१ पासून ट्रॉलपला ग्रामीण टपालवाटपाची पाहणी करण्यासाठी इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात खेडोपाडी घोड्यावरून हिंडावे लागले. पाद्र्यांची घरे, शेतकऱ्यांची दारे, त्यांच्या मानापमानाच्या कहाण्या त्याने सरकारी भत्त्यावर पाहिल्या. त्याच फिरतीत सॅलिसबरीच्या कॅथीड्रलच्या परिसरात त्याला ‘द वॉर्डन’चे बीज सापडले आणि बार्सेटशायर हा काल्पनिक परगणा जन्माला आला. नारायण राजपुत्राला सोडून शाळेतल्या पोरांकडे, परीक्षेच्या धास्तीकडे, आजीच्या अंथरुणापाशी चालणाऱ्या गप्पांकडे वळले आणि मालगुडी वसले. दोघांनीही नकाशात नसलेले गाव वसवले. पण त्याची माती ओळखीची होती. तेच पुडके नव्या पत्त्यावर पाठवत राहणे ही झाली टपालखर्चाची तयारी. कालच्या नकारानंतर आजचे पान वेगळे लिहिणे, ही लेखनाची तयारी होय.

तथापि दुसरा प्रकारही आहेच. ‘स्वामी’चे हस्तलिखित परत आले, त्यात लेखकाचा दोष नव्हता. प्रकाशक कागद, छपाई आणि खपाचा अंदाज यांची बेरीज करतो. ती चुकूही शकते. ‘नाही’ या उत्तराचा अर्थ पुष्कळदा ‘परवडणार नाही’ एवढाच असतो, आणि लेखक मात्र तो ‘तुला येत नाही’ असा वाचतो. आपल्याला आलेला नकार यांपैकी कोणता, हे ओळखणे हाच या व्यवसायातला सर्वांत कठीण पेपर आहे.

तो मी स्वतः दिला आहे. वीस वर्षांपूर्वी मी दुष्काळी गावावर एक कादंबरी लिहिली. दुष्काळाची आकडेवारी मला मुखोद्गत होती. गाव मात्र मी सहलीपुरते पाहिले होते. एका प्रकाशनसंस्थेने हस्तलिखित परत केले. सोबत संपादकांची दोन ओळींची चिठ्ठी होती. त्यात आशय असा होता की, बाजार समितीतल्या कारकुनाचे तेवढे प्रकरण जिवंत आहे, बाकीचे भाषण आहे. माझे वडील बाजार समितीत कारकून होते. त्या चिठ्ठीचा मला आठवडाभर राग आला. आणि त्यानंतर आजतागायत तिच्याएवढी उपयुक्त गोष्ट मला कोणी लिहिलेली नाही.

धीराचे भांडवल

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. वाट पाहण्यालाही भांडवल लागते. ट्रॉलपच्या घरची चूल टपाल खात्याच्या पगारावर पेटत होती. १८६७ पर्यंत त्याने नोकरी सोडली नाही. पहाटे साडेपाचला घड्याळ समोर ठेवून, दर पाव तासाला अडीचशे शब्द या गतीने तो लिही आणि मग कामावर जाई. नारायण यांच्यामागे एकत्र कुटुंबाचे स्वयंपाकघर होते. नऊ रुपये बारा आण्यांत वर्ष कोणाचेच निघत नाही. उरलेला खर्च कोणीतरी सोसलेला असतो. औषधांच्या दुकानात उभ्या राहणाऱ्या मुलाला केवळ चिकाटीचा उपदेश करणारे हा खर्च हिशेबात धरत नाहीत.

म्हणूनच ‘लेखक व्हायचे तर नोकरी सोड’ हा सल्ला मला घातक वाटतो. शिक्षक आणि कारकून यांनी आपल्या नोकरीकडे प्रतिभेची बेडी म्हणून पाहू नये. नोकरी धान्य देते आणि डोळे उघडे असतील तर कथाही देते.

दुसरी चिंता समाजाने करावयाची आहे. ‘साभार परत’ची चिठ्ठी कोरडी असली तरी ते एक उत्तर होते. आज पुष्कळ ठिकाणी उत्तरच येत नाही. दुसरीकडे, लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक छापून देणारी दुकाने वाढली आहेत. तेथे नकार कोणालाच मिळत नाही, कारण तेथे ग्राहक वाचक नसून लेखक आहे. पैसे भरले की पुस्तक तयार, प्रकाशन समारंभ तयार, आणि गठ्ठे घरच्या माळ्यावर! यात लेखकाची फसवणूक होते ती पैशांपुरती नव्हे. ‘हे प्रकरण जिवंत आहे, बाकीचे भाषण आहे’ असे सांगणारा माणूसच त्याच्या आयुष्यातून नाहीसा होतो. प्रत्येक हस्तलिखितावर दोन ओळी लिहिणे प्रकाशकांना परवडत नसेल, हे मला कळते. परंतु महाविद्यालयांची वाङ्मय मंडळे, ग्रंथालये आणि जुने-जाणते शिक्षक एवढे सहज करू शकतील. त्यासाठी अनुदानाची गरज नाही. प्रामाणिकपणे वाचण्याची आहे.

त्या विद्यार्थ्याचे हस्तलिखित मी ठेवून घेतले आणि दोन रविवारी वाचले. कादंबरी मुंबईच्या एका उद्योगपतीच्या घराण्यावर आहे. नायकाचे बंगले, मोटारी, परदेशवाऱ्या सारे यथास्थित आहे आणि सारे निर्जीव आहे. फक्त एकशे बाराव्या पानावर, एक म्हातारी औषधांच्या दुकानात येते, गोळ्यांची किंमत विचारते आणि दहाच्या पाकिटातल्या चारच गोळ्या कापून मागते. ते पान मी दोनदा वाचले.

हस्तलिखित परत करताना मी त्याला किती वर्षे पाठवत राहायचे हे सांगितले नाही. ते मला ठाऊक नाही. एकशे बाराव्या पानाला खूण करून दिली आणि म्हटले, “येथून सुरुवात कर. दुकान सोडू नकोस.” त्याचा चेहरा उतरला. त्याला बहुधा आठवडाभर माझा राग येईल. त्यानंतर तो वही उघडेल, अशी मला आशा आहे.