वेगळे ठेवण्याची विद्या

इंदापूर तालुक्यात, नीरेच्या काठावर वालचंदनगर आहे. कळंबच्या माळावर १९३४ साली साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी वर्कशॉप आले, वर्कशॉपचे पुढे अवजड यंत्रांचे कारखाने झाले, आणि गेली पन्नासेक वर्षे इथे अग्निबाणांच्या मोटारींची पोलादी कवचे बनत आहेत. जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ घेऊन एलव्हीएम-३ उडाले, तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांच्या एस-२०० बूस्टरमध्ये वालचंदनगरचे काम होते. कवचाचा व्यास ३.२ मीटर. एका बूस्टरमध्ये सुमारे २०५ टन घन इंधन. क्षेपणास्त्रांचे भागही याच गावात घडतात.

तरीही वालचंदनगरच्या रस्त्याने असे कवच ट्रेलरवरून निघाले, तर वाटेतल्या कुणी घाबरण्याचे कारण नाही. ते निव्वळ पोलाद असते. वेल्डिंग पारखून, दाबाच्या कसोटीला उतरवून ते रिकामेच बाहेर पडते. इंधन भरले जाते श्रीहरिकोट्याला, समुद्रकाठच्या निर्मनुष्य पट्ट्यात. पेटवण्याचे साधन तर त्याहूनही उशिरा बसवतात. एकाच छपराखाली सगळे केले असते तर वाहतूक वाचली असती. पण दारूगोळ्याच्या व्यवहारात वाहतूक वाचवणे हा फार खालचा विचार समजला जातो. जे एकत्र आल्यावर काम करते ते शक्य तितका वेळ एकत्र येऊ द्यायचे नाही, यावर ही सगळी विद्या उभी आहे. सैन्यात भरती झालेल्या जवानाला दारूगोळ्याबद्दल सुरुवातीला जे शिकवतात ते याच एका गोष्टीचे निरनिराळे धडे असतात.

साधे काडतूस घ्या. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला ठोका बसताच पेटणारी टोपी, पोटात जळणारी दारू आणि तोंडाशी गोळी. टोपीतला पदार्थ अतिशय संवेदनशील, पण चिमूटभर. पोटातली दारू जास्त, पण ती पेटवावी लागते. तोफेच्या गोळ्यात ही साखळी आणखी लांबते. फ्यूजमध्ये कणभर नाजूक स्फोटक, मग बूस्टर म्हणजे मधला भरणा, मग मुख्य भरणा. मुख्य भरणा बहुधा टीएनटी किंवा त्याच्या जातीचा, आणि हा टीएनटी स्वभावाने आश्चर्य वाटावे इतका शांत आहे. ऐंशी अंशांच्या थोडे वर तो वितळतो. वाफेच्या उष्णतेने पातळ करून तो गोळ्यात चक्क ओतला जातो. भडकू नाजूक पदार्थ थोडा आणि दूर, ताकदवान पदार्थ पुष्कळ पण सुस्त, अशी ही वाटणी आहे.

त्या दोघांच्या मध्ये फ्यूज एक आडकाठी घालते. गोळा कोठारात असताना, ट्रकमध्ये हादरे खाताना, हातातून निसटून पडला तरी, ही आडकाठी ठिणगीला पुढे जाऊ देत नाही. ती दूर व्हायला दोन गोष्टी लागतात. तोफ डागताना मागे रेटणारा गुरुत्वाच्या हजारो पटींचा झटका, आणि नळीतल्या आट्यांमुळे गोळ्याला मिळणारी सेकंदाला शेकडो फेऱ्यांची गिरकी. दोन्ही एकापाठोपाठ मिळाल्या, गोळा तोफेपासून पुरेसा लांब गेला, की मगच साखळी जुळते. पाषाणच्या एआरडीई या संशोधन संस्थेत अशा यंत्रणांवर १९५८ पासून काम चालते. मला या सगळ्या शस्त्रव्यवहारात सर्वांत बुद्धिमान वस्तू कुठली वाटत असेल तर ही मुठीएवढी फ्यूज. तिचे अर्धे काम न फुटण्याचे आहे.

बारामती-इंदापूरच्या माणसाला हे अगदीच परके वाटू नये. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि या दोन तालुक्यांचे बागायत आणि जिरायत असे दोन भाग पडले. कालव्याखालच्याला उसाची चिंता, वरच्याला विहिरीची. काळ्या पाषाणात विहीर खोदायची तर सुरुंगाशिवाय इलाज नाही. त्यामुळे जिलेटिनच्या कांड्या आणि डेटोनेटर हे शब्द जिरायती गावांत पोराबाळांनाही ठाऊक. जाणता सुरुंगवाला या दोन वस्तू एका पेटीत ठेवत नाही, एका गाडीतून आणत नाही, आणि भोक तयार होऊन माणसे लांब पाठवायची वेळ आल्याशिवाय त्या एकमेकींना भेटवत नाही. कायदाही तेच सांगतो. १८८४ च्या स्फोटके अधिनियमापासून २००८ च्या नियमांपर्यंत परवाने, कोठारे आणि वाहतूक यांची सारी कलमे याच दिशेने लिहिलेली आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी करणारे केंद्र सरकारचे कार्यालय नागपूरला आहे. न उडालेल्या सुरुंगाचाही नियम सैन्यातल्यासारखाच. वाट पाहायची, आणि भोकातली कांडी ओढून काढायच्या भानगडीत पडायचे नाही. अपघात होतात ते बहुधा हा नियम मोडल्याने, घाईमुळे किंवा कांडी वाया जाऊ नये या काटकसरीपोटी.

याच तालुक्यांतली मुले प्रत्यक्ष लष्करी काडतूस पहिल्यांदा हातात घेतात ती एनसीसीच्या फायरिंगला. १९४८ च्या कायद्याने एनसीसी उभी राहिली. तेव्हापासून पॉइंट टू टू रायफल ही छात्रांची पहिली रायफल. ही गोळी दिसायला करंगळीच्या पेराएवढी, म्हणून पोरे तिला हसतात. शिकवणारा उस्ताद मग सांगतो की ही दीड किलोमीटर जाऊ शकते, आणि हसू थांबते. निशाण असते पंचवीस मीटरवर. त्यामागे मातीचा उंच बट का घालतात हे तेव्हा कळते.

रेंजवरची भाषा हिंदी आणि फार थोड्या शब्दांची. भर. फायर. खाली कर. जाँच शस्त्र. हुकमाशिवाय कुणी रायफलला हात लावत नाही. लाल झेंडा वर असेपर्यंत बटाकडे कुणी जात नाही. काडतुसे एका जागी, रायफली दुसऱ्या जागी, आणि ज्याची पाळी आहे त्याच्याकडेच मोजून दिलेल्या गोळ्या. रायफल कुणी हातात दिली तर देणाऱ्याने ती रिकामी असल्याचे सांगितले असले, तरी घेणाऱ्याने ती पुन्हा उघडून बघायची. सांगणारा हवालदार असो वा कर्नल. सैन्यात वरिष्ठाच्या शब्दावर शंका घेण्याची एवढी मोकळीक दुसरीकडे कुठे नसावी. इथे तर ती सक्तीची आहे.

घोडा दाबला आणि गोळी सुटलीच नाही, हा खरा परीक्षेचा क्षण. नवख्याची सहज प्रतिक्रिया म्हणजे रायफल वळवून उस्तादाला दाखवणे. नेमके तेच करायचे नसते. टोपी पेटून दारू धुमसत असेल तर गोळी उशिरा सुटू शकते. नळी निशाणाकडेच ठेवायची, हात वर करायचा, थांबायचे. पाचदहा सेकंदही तिथे लांबलचक वाटतात. शिकवणारे त्याहून जास्त थांबायला लावतात. फायरिंग संपल्यावर पुंगळ्यांची मोजणी होते. दिलेल्या गोळ्या, परत आलेल्या पुंगळ्या आणि न उडालेल्या गोळ्या यांचा ताळा जुळेपर्यंत कुणी जागचे हलत नाही, आणि प्रत्येकाला आपल्याजवळ एकही राउंड किंवा खोका, म्हणजे रिकामी पुंगळी, नाही असे तोंडाने सांगावे लागते. अठरा वर्षांच्या मुलाला हा छळ वाटतो. एक हरवलेली पुंगळी शोधण्यासाठी गवत चाळायला लागल्यावर तर हमखास वाटतो.

या रेंजवरच्या शिस्तीचे मोठे रूप पुण्याच्या अलीकडे-पलीकडे आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. त्याच्या शेजारी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला उच्च स्फोटकांचा कारखाना, पुढे देहूरोड. आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन १ ऑक्टोबर २०२१ पासून हे तिन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेले. वरणगाव, भंडारा आणि चांदा धरून तिच्या बारा कारखान्यांपैकी सहा महाराष्ट्रात आहेत.

स्फोटकांच्या इमारतीची रचना साध्या कारखान्यासारखी नसते. दारावर पाटी, आणि पाटीवर दोन आकडे. आत जास्तीत जास्त किती माणसे आणि जास्तीत जास्त किती किलो स्फोटक. सहा लिहिले असेल तर सातवा माणूस, मग तो कितीही मोठा साहेब असो, बाहेर थांबतो. काड्यापेटी, लायटर, मोबाइल फाटकावरच जमा. खिळ्यांचे बूट चालत नाहीत; अंगावरची स्थिर वीज जमिनीत जाईल असे बूट घालायचे आणि आत जाण्यापूर्वी धातूच्या पट्टीला हात लावून ती सोडून द्यायची. दख्खनच्या कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढताना जी चटचट होते, तिच्याहून कितीतरी कमी ऊर्जा डेटोनेटरमधल्या नाजूक स्फोटकाला पुरते. अवजारे ठिणगी न पाडणाऱ्या धातूची. छप्पर मुद्दाम हलके, भोवती मातीचे उंच बांध. बांध स्फोट अडवत नाहीत, ती समजूत चुकीची. ते वेगाने येणारे तुकडे अडवतात आणि एका इमारतीचे मरण शेजारच्या इमारतीत जाऊ देत नाहीत.

दोन इमारतींमधल्या अंतराचाही हिशेब आहे, आणि तो अंतर्ज्ञानाला फसवणारा आहे. सुरक्षित अंतर साठ्याच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. साठा आठपट केला तर अंतर दुप्पट पुरते, हे ऐकून बरे वाटते. पण उलट्या बाजूने बघा. साठा निम्म्यावर आणला तरी अंतर जेमतेम एक पंचमांश कमी होते. कुंपणाला खेटून वस्ती वाढली, आता थोडा माल हलवू आणि भागवू, असे म्हणणाऱ्यांना हे गणित साथ देत नाही. खडकी आणि देहूरोड वसले तेव्हा भोवती माळरान होते. आज काय आहे ते सर्वांसमोर आहे.

अंतराइतकीच संगतही महत्त्वाची. जगभर स्फोटकांचे गट पाडले आहेत. एकदम फुटणारी, तुकडे उडवणारी, मुख्यतः जळणारी, आणि त्याखेरीज कुठले स्फोटक कुठल्यासोबत ठेवायचे हेही वेगळे ठरलेले आहे. संगत चुकली तर काय होते ते मुंबईने १४ एप्रिल १९४४ ला पाहिले. फोर्ट स्टिकिन हे जहाज सुमारे १४०० टन स्फोटके घेऊन निघाले होते. वाटेत कराचीला त्यात कापसाच्या हजारो गासड्या आणि तेलाची पिंपे चढवली. व्हिक्टोरिया गोदीत दुपारी धूर दिसला, तो कापसाचा. चारनंतर दोन स्फोट झाले. सातशेहून अधिक माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो यामुळे. या घटनेत उडालेल्या सोन्याच्या विटांच्या कथा लोकांना जास्त आठवतात. मला आठवतात त्या गासड्या. स्फोटकांनी स्वतःहून काहीच केले नव्हते.

काही वेळा मात्र तीही स्वतःहून बिघडतात. दारूगोळ्याला वय असते. काडतुसातली नायट्रोसेल्युलोजची दारू हळूहळू विघटित होत राहते. त्यात घातलेला स्थिरक संपत आला की धोका, म्हणून ठरावीक काळाने नमुने तपासावे लागतात. टीएनटीत अशुद्ध अंश राहिले तर उष्णतेने तो पाझरतो. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागली, तिच्या मुळाशी असे पाझरणारे रणगाडाविरोधी सुरुंग असल्याचे पुढे आले. अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मिळून पंधराहून अधिक जण गेले. त्याच पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवताना स्फोट झाला आणि सहा माणसे मेली. पेट्या उतरवायला आणलेले रोजंदार गावातले होते. जवानाला जे महिनोन्‌महिने घोकून घेतात, ते रोजंदारावर आलेल्या माणसाला कुणी आणि किती वेळात शिकवायचे, हा प्रश्न मला या साऱ्या विषयातला सर्वांत दुखरा वाटतो. पुस्तके सगळी लिहिलेली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत आठ कामगार गेले, तिथेही पुस्तके होतीच.

रोजंदाराच्याही पलीकडे आणखी एक माणूस आहे, ज्याच्या वाट्याला काहीच प्रशिक्षण येत नाही. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजवर, खारे कर्जुन्याच्या शिवारात, रणगाडे आणि तोफांचा सराव होतो. सरावानंतर माळावर तांबे, पितळ, पोलाद विखुरते आणि भंगारवाला त्याला भाव देतो. तिथे सापडलेला गोळा फोडून धातू काढताना माणसे दगावल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. रंगावरून ओळखू म्हणावे तर रंगांच्या खुणा देशागणिक वेगळ्या, आणि एका पावसाळ्यात गंजाखाली झाकल्या जाणाऱ्या.

डागलेला पण न फुटलेला गोळा कोठारातल्या गोळ्यापेक्षा फार वाईट असतो. कोठारातल्या गोळ्यात आडकाठी जागेवर असते. या गोळ्याने झटका खाल्लेला असतो, गिरकी घेतलेली असते, आडकाठी सरकलेली असते. साखळी जुळून शेवटच्या क्षणी काहीतरी अडकलेले. ते काहीतरी कुदळीच्या टोल्याने सुटेल की नुसते उचलल्याने, हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून हात न लावता जागेवर खूण करायची, आल्या वाटेने मागे फिरायचे आणि ११२ वर किंवा पोलीस ठाण्यात कळवायचे. पुढे बॉम्बशोधक पथक किंवा सैन्याचे लोक येतात. तेही तो उघडायच्या फंदात सहसा पडत नाहीत. परिसर रिकामा करतात, शेजारी थोडे स्फोटक ठेवतात आणि गोळा आहे तिथेच उडवून टाकतात.