ग्रेड चरबीची, काळजी व्रणाची (लेखांक ६)

साखर पेठेतले एक यंत्रमाग कामगार, वय ५६, दहा वर्षांचा मधुमेह. सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे सरकवत म्हणाले, "डॉक्टर, ग्रेड एकच आहे. घाबरण्यासारखं काही नाही ना?" सोलापुरात हा प्रश्न वारंवार कानावर येतो आणि दर वेळी जीव तुटतो. कारण ही ग्रेड चरबीची आहे, व्रणाची नाही. चरबी साठली की यकृत पडद्यावर शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा पांढरट दिसतं, त्या पांढरेपणावरून ग्रेड ठरते. व्रणाचे चिवट धागे मात्र साध्या सोनोग्राफीत बराच काळ दिसत नाहीत. उलट व्रण फार वाढले की चरबीच ओसरू लागते, ग्रेड उतरते आणि घरचे निर्धास्त होतात.

म्हणून मशीनच्या आधी कागद-पेन घ्यायचं. वयाला रक्ततपासणीतल्या एएसटीने गुणायचं (एएसटी आणि एएलटी ही यकृताची एन्झाइम). प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ, याने भागायचं. यांचं एएसटी ६०, एएलटी ४९, प्लेटलेट १ लाख ६० हजार. उत्तर आलं ३. या आकड्याला फिब-४ म्हणतात. १.३ च्या खाली असेल तर मोठ्या व्रणाची शक्यता कमी; पासष्टीनंतर ही सीमा २ धरतात. २.६७ च्या वर गेला की पुढची तपासणी टाळू नये.

ती तपासणी म्हणजे फायब्रोस्कॅन. ताजी भाकरी बोटाने दाबली की दबते, कडक भाकरी दबत नाही; यकृताचंही तसंच. रुग्ण उताणा, उजवा हात डोक्यामागे. बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवतात आणि बटण दाबताच बोटाने टिचकी मारावी तसा हलका धक्का बसतो. त्यातून निघालेली लहर यकृतात किती वेगाने धावते ते अल्ट्रासाउंड टिपतं. यकृत जितकं कडक, तितकी लहर वेगवान. किमान दहा टिचक्या, त्यांतलं मधलं मोजमाप घ्यायचं, किलोपास्कलमध्ये. ८ च्या खाली असेल तर बहुधा दिलासा, १२ च्या वर असेल तर तज्ज्ञाकडे जायचं.

निदान तीन तास उपाशीपोटी जावं, हे मी मुद्दाम बजावतो. जेवणानंतर यकृतातला रक्तप्रवाह वाढतो आणि आकडा उगाच फुगतो. कावीळ किंवा हृदयाचा अशक्तपणा असेल तरीही तेच होतं. पोटात पाणी झालं असेल तर लहर पोचतच नाही. स्थूल माणसाला मोठा प्रोब लागतो. एवढं करूनही उत्तर धूसर राहिलं तर एमआरआयवर हाच कडकपणा मोजणारी एमआर इलॅस्टोग्राफी असते; तिची पद्धत अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडली. बायोप्सीत यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग हाती येतो, इथे मोठा भाग नजरेखाली येतो.

आपल्या रुग्णाचा आकडा आला १३.८. वीसच्या आत आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर, म्हणून फुगलेल्या शिरा शोधण्यासाठी अन्ननलिकेत दुर्बीण घालणं तूर्त टळलं. वजन आहे ८२ किलो; त्यातले आठ किलो उतरवायचे आहेत. माग सांभाळणाऱ्या माणसाने ते कसं करायचं, ते पुढच्या आठवड्यात.