मोजणी यंत्राने करावी, निर्णय माणसाने घ्यावा



गटांच्या बैठकांमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, हे एआय एआय म्हणतात ते काय असतं? आणि ते चांगलं की वाईट?" आज त्यावरच बोलू. पण जरा वेगळ्या बाजूने. ख्रिस्ती धर्मात या यंत्राबद्दल काय विचार झाला आहे, ते मी तुम्हाला सांगणार आहे. वसई, अहिल्यानगर, जालना या भागांतल्या कितीतरी गटांत ख्रिस्ती भगिनी आहेत, त्यांना हा विषय जवळचा वाटेल. आणि बाकीच्यांनीही ऐकावं, कारण त्या विचारात एक मुद्दा थेट आपल्या कर्जाच्या अर्जाचा आहे.

आधी एआय म्हणजे काय ते बघू. एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. कोट्यवधी माणसांनी लिहिलेला मजकूर, काढलेले फोटो, केलेले व्यवहार या यंत्राला दाखवलेले असतात. त्यावरून कशानंतर काय येतं, याचा अंदाज बांधायला ते शिकतं. म्हणून आपण मराठीत प्रश्न विचारला की ते मराठीत उत्तर देतं. ते हुशार माणसासारखं बोलतं, पण त्याने कधी भाकरी थापली नाही, लेकराच्या उशाशी रात्र जागून काढली नाही.

आता ख्रिस्ती धर्मात यावर कोण काय म्हणतं? कॅथलिक पंथाचे सर्वोच्च धर्मगुरू म्हणजे पोप. ते रोममधल्या व्हॅटिकनमध्ये राहतात. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने एआयवर एक सविस्तर पत्रक काढलं. त्याचं लॅटिन नाव 'अँटिक्वा एट नोव्हा', म्हणजे जुनं आणि नवं. त्यातला एक विचार मला फार पटला. हे यंत्र म्हणजे माणसाच्या बुद्धीचं दुसरं रूप नव्हे, ती माणसाच्या बुद्धीने बनवलेली एक वस्तू आहे, असं त्यात म्हटलं आहे. बुद्धी ही देवाची देणगी आहे, म्हणून त्या बुद्धीने अवजार बनवणं यात वाईट काही नाही. आजाराचं निदान, शेती, शिक्षण यांत त्याचा चांगला उपयोग होऊ शकतो, हेही ते पत्रक मान्य करतं. आपल्याकडे बारामतीला उसाच्या शेतीत एआयचा वापर सुरू झाला आहे, तो याच प्रकारचा.

आणखी एक फायदा भाषेचा. लहान लहान भाषांत बायबलचं भाषांतर करणाऱ्या संस्था आज पहिला कच्चा मसुदा तयार करायला यंत्राची मदत घेतात. काम लवकर होतं. पण तो मसुदा त्या भाषेतल्या माणसांना वाचून दाखवतात, त्यांना कळतो का ते तपासतात, मगच पुढे जातात. इथे आपल्या पंडिता रमाबाईंची आठवण येते. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. साध्या बाईला समजावं म्हणून त्यांनी सोपे शब्द निवडले आणि मिशनमधल्या बायकांनी स्वतःच्या छापखान्यात त्याची छपाई केली. शब्दाला शब्द मिळवायचं काम यंत्र करील. पण ऐकणारी बाई कोण, तिला कोणता शब्द आपला वाटेल, याची काळजी माणसालाच वाहावी लागते.

आता धोक्यांकडे येऊ.

पहिला धोका खोटेपणाचा. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचा एक फोटो जगभर फिरला. फुगीर पांढरं जॅकेट घातलेले पोप! तो फोटो यंत्राने बनवलेला होता, पण कितीतरी लोकांना खरा वाटला. पुढे २०२४ च्या एका संदेशात पोपनी स्वतः सांगितलं की अशा बनावट चित्राचा अनुभव मलाही आला आहे. खोटी साक्ष देऊ नये, ही बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एक. बनावट फोटो आणि बनावट आवाज ही आजची खोटी साक्षच झाली. आपल्यासाठी याचा अर्थ साधा आहे. भावाच्या किंवा लेकाच्या आवाजात फोन आला आणि "लगेच पैसे पाठव" म्हणाला, तर फोन ठेवायचा आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपण फोन लावायचा.

दुसरा धोका, यंत्रालाच माणूस समजण्याचा. जून २०२३ मध्ये जर्मनीतल्या फ्युर्थ शहरात प्रोटेस्टंट लोकांनी एक प्रयोग केला. चर्चमधली उपासना जवळजवळ पूर्णपणे चॅटजीपीटी या एआयने तयार केली होती. पडद्यावरचे कृत्रिम चेहरे प्रवचन देत होते. तीनशेहून जास्त लोक ऐकायला आले. काहींना नवल वाटलं, पण त्या बोलण्यात जीव नाही, असंही अनेकांना जाणवलं. साहजिक आहे. दुःखात सांत्वन करणारा माणूस स्वतः कधीतरी रडलेला असतो. व्हॅटिकनचं पत्रकही म्हणतं की यंत्राला माणूस म्हणून पुढे करू नये, आणि फसवण्यासाठी तसं करणं हा तर मोठा दोष आहे. आपली मुलं मोबाईलमधल्या यंत्राशी मनातलं बोलू लागली, तर त्यांच्यासाठी घरातला एक कान मोकळा ठेवायला हवा.

तिसरा धोका सर्वात मोठा, आणि तो आपल्या दाराशी आला आहे. तो आहे निर्णयाचा. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या जागतिक शांतता दिनाच्या संदेशात लिहिलं की पुढे कर्ज मागणाऱ्याची पत, नोकरीसाठीची योग्यता, सरकारी मदतीचा हक्क या गोष्टी एआय ठरवू शकेल. मग १४ जून २०२४ ला इटलीत जी-७ देशांच्या प्रमुखांच्या बैठकीत ते स्वतः गेले. अशा बैठकीला जाणारे ते पहिलेच पोप. तिथे त्यांनी एक फरक समजावून सांगितला. यंत्र अनेक पर्यायांतून एक पर्याय निवडतं, ते आकड्यांवरून. माणूस मात्र मनाने निर्णय घेतो. माणसाचा जीव घेण्याचा निर्णय तर कोणत्याही यंत्राच्या हाती कधीच देऊ नये, असं त्यांनी ठामपणे सांगितलं.

हा फरक आपल्याला गटात रोज दिसतो. समजा, एका ताईचे दोन हप्ते चुकले. वहीत दोन रकाने रिकामे दिसतात. यंत्र तेवढंच बघेल आणि "धोक्याची कर्जदार" म्हणेल. पण बैठकीला माहीत असतं की नवऱ्याचं ऑपरेशन झालं, आणि त्याआधी पाच वर्षं तिने एकही हप्ता चुकवला नव्हता. आकडा खरा असतो, पण तो अर्धाच असतो.

कुणी म्हणेल, "माणसंही पक्षपात करतात की!" करतात. प्रत्येक माणसात दोष आहे, हे ख्रिस्ती धर्म पहिल्यापासून मानतो. म्हणूनच दोष असलेल्या माणसांच्या जुन्या नोंदींवर शिकलेलं यंत्रही निर्दोष असणार नाही. वर्षानुवर्षं सातबारा पुरुषाच्या नावावर, म्हणून कर्जही पुरुषाच्या नावावर. अशा नोंदी दाखवल्या तर यंत्र काय शिकेल? बाईला कर्ज द्यायचं नसतं, हेच. आणि माणसाने पक्षपात केला तर त्याला जाब विचारता येतो. यंत्राच्या बाबतीत आपल्याला एकच उत्तर मिळतं, "सिस्टीम घेत नाही." रेशन दुकानात अंगठा उमटला नाही तेव्हा आपण हे ऐकलंय. त्या उत्तराच्या मागे तोंड दाखवणारा माणूसच नसतो.

म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये रोममध्ये एक जाहीरनामा झाला. व्हॅटिकनची एक संस्था, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि इटलीचं सरकार यांनी त्यावर सह्या केल्या. आपल्या गटाची जशी दशसूत्री, तशी ही सहासूत्री समजा: पारदर्शकता, सर्वांचा समावेश, जबाबदारी, निःपक्षपातीपणा, विश्वासार्हता आणि खासगी माहितीची सुरक्षा. पुढे २०२४ मध्ये जपानच्या हिरोशिमात इतर धर्मांच्या प्रतिनिधींनीही याला साथ दिली. अर्थात सही केली म्हणजे काम झालं, असं नाही. ठराव वहीत लिहून तो पाळायचा राहतो, हे आपल्याहून कोणाला जास्त माहीत?

मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपनी लिओ हे नाव घेतलं, त्यालाही कारण आहे. १८९१ साली तेरावे लिओ पोप यांनी कारखान्यांतल्या कामगारांच्या हक्कांवर पत्र लिहिलं होतं. त्याच सुमारास आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून झगडत होते आणि १८९० साली ती मिळाली. तेव्हा वाफेची यंत्रं आली होती, आज एआय आलं आहे, आणि कष्टकऱ्याची प्रतिष्ठा पुन्हा पणाला लागली आहे, असं नव्या पोपचं म्हणणं.

मैत्रिणींनो, धर्म कोणताही असो, या विचारातून गटासाठी तीन प्रश्न घेता येतात. कर्ज, विमा किंवा योजनेचा अर्ज नाकारला गेला, तर विचारा: हा निर्णय कोणी घेतला? कोणत्या माहितीवर घेतला? आणि तो पुन्हा तपासणारा माणूस कोण? उत्तर तोंडी नको, लेखी मागा. एकटीने जाऊ नका, दोघीतिघी मिळून जा. मोबाईलवरच्या अनोळखी कर्जाच्या ॲपला फोनमधले नंबर आणि फोटो बघायची परवानगी देऊ नका.

आणि एआय जरूर वापरा. मालाच्या पाकिटावरचा मजकूर लिहायला, अर्जाचा मसुदा करायला, हिशेब ताडून बघायला त्याची मदत घ्या. नंतर कागद बैठकीत मोठ्याने वाचा, चुका काढा आणि मगच सही करा. सहीखाली नाव आपलं असतं, त्यामुळे जबाबदारीही आपलीच.

पुढच्या बैठकीत हे तीन प्रश्न गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.