आत्या, आकडा किती टाकू?

रात्रीची जेवणं आटोपून ओटा पुसत होते, तेवढ्यात भाचीचा फोन. युसूफ वडगावहून. "आत्या, उद्या दुपारपर्यंत लिफाफा द्यायचाय. आकडा किती टाकू?"

केज तालुक्यातलं युसूफ वडगाव तिचं सासर. एमएसडब्ल्यू झालेली ही मुलगी गेली काही वर्षं गावोगावी सर्वेक्षणाची कामं करते, पण नेहमी कुणाच्या तरी हाताखाली. या वेळी पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर प्रस्ताव देणार होती. बायकांच्या एका शेतकरी कंपनीला तुरीची डाळ मिल काढायची आहे. कर्ज काढण्याआधी हा धंदा इथं चालेल का, याचा अभ्यास करून हवाय. कागदावर त्याला 'व्यवहार्यता अहवाल' म्हणतात.

"तू किती काढलेस?" मी विचारलं.

"पासष्ट हजार."

"कसे?"

तिनं वाचून दाखवलं. ३०० घरांचा सर्व्हे. एक मुलगी दिवसाला ८ घरं करते, म्हणजे ३८ दिवस. रोज आणि येणं-जाणं धरून दिवसाला ७५० रुपये, झाले २८,५००. माहिती कॉम्प्युटरवर भरायला ४,२००. यंत्राची माहिती असणारा इंजिनिअर आणि सीए यांचे १५,०००. गाडी-पेट्रोल १२,०००. छपाई ५,०००. एकूण ६४,७००.

"आणि तुझे?"

पलीकडे शांतता. मग म्हणाली, "माझं काय, मी घरचीच ना!"

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या किती ओळखीचं आहे! पापड-लोणच्याचा भाव काढताना आपण तेल, मीठ, मसाला, पिशवी सगळं धरतो. उन्हात बसलेले आपले दिवस तेवढे विसरतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. तिथं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. उचल कोयत्यावर, हिशेबही कोयत्यावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, पण मोजणी जोडीचीच राहिली. तिच्या नावाचा वेगळा आकडा नाही. शिकली-सवरली भाचीही तेच करत होती.

मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. ती तिकडे, मी इकडे.

आधी तिचे दिवस मोजले. आखणी ३, मुलींबरोबर गावांत फिरणं १२, केज-अंबाजोगाईचे बाजार आणि लातूरच्या डाळ मिल पाहणं ४, आकडेमोड ६, लिखाण ७, मांडणी आणि दुरुस्त्या ४. झाले ३६ दिवस. दिवसाला २,००० धरले, तर ७२,०००. ती दचकलीच. म्हटलं, "इंजिनिअरचे १५,००० लिहिताना दचकली नाहीस!"

मग सर्व्हे पुन्हा पाहिला. तूर येते डिसेंबर-जानेवारीत. पण दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. जानेवारीत दारं वाजवली, तर बऱ्याच घरांत म्हातारी माणसंच भेटणार. सोयाबीनमध्ये चार तासं तूर लावणारा लहान शेतकरी मोजणीतून सुटला, तर अहवाल मोठ्या शेतकऱ्यांचा होईल. म्हणजे बंद घरांकडे पुन्हा जाणं आलं. ३८ दिवसांचे ४६ झाले, खर्च ३४,५००. वर आयत्या वेळच्या अडचणींसाठी दहा टक्के. सगळं मिळून बेरीज आली १,५६,९७०.

"आत्या, एवढ्यात काम मिळेल का गं? दुसरा कुणी पन्नासात देईल."

देईलही. पण पन्नासात तो काय देणार? आधीच्या एखाद्या अहवालातलं गावाचं नाव बदलून 'प्रकल्प फायदेशीर आहे' एवढं लिहून देईल. गावात न फिरता 'नाही' म्हणता येत नाही, 'हो' मात्र घरबसल्या म्हणता येतं. आणि त्या 'हो'चे हप्ते भरायचे कुणी? त्या बायकांनीच.

साधा हिशेब करून पाहा. छोटी मिल दिवसाला ८ क्विंटल तूर भरडते असं धरलं, तर २५ दिवसांत २०० क्विंटल लागेल. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये. म्हणजे एका महिन्याची तूर विकत घ्यायलाच १६ लाख हवेत! २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत बचत गटाच्या एका सदस्येमागे ४०,००० रुपये बीजभांडवल ठेवलं होतं. दहा जणींचे होतात ४ लाख. यंत्राला अनुदान मिळेलही, पण तुरीचं काय? कदाचित उत्तर असं निघेल, की तूर विकत घेऊ नका, लोकांची तूर मजुरीवर भरडून द्या. हे सांगण्यासाठीच तर अभ्यास असतो.

शेवटी तीन गोष्टी ठरल्या. पहिली, काम कसं निवडणार हे आधी विचारायचं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत सल्लागार निवडताना गुणवत्ता आणि किंमत दोन्ही तोलण्याची पद्धत आहे. गुणवत्तेला ८० टक्क्यांपर्यंत वजन देता येतं. सगळीकडे नुसतं स्वस्तच पाहतात असं नाही. दुसरी, पैसे टप्प्यानं मागायचे: सुरुवातीला ३० टक्के, सर्व्हे झाल्यावर ४०, अहवाल दिल्यावर ३०. मुलींचा रोज काही अहवालासाठी थांबत नाही. तिसरी, कमी करा म्हणाले तर काम कमी करायचं, आपला रोज नाही. घरं ३०० ऐवजी १५० घेऊ, पण तसं कागदावर लिहू आणि अंदाज किती कच्चा होईल तेही लिहू.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. दोन्ही लिफाफे दिले होते, तांत्रिक वेगळा, आर्थिक वेगळा. आकडा १,५७,०००.

"सासूबाईंनी विचारलं, यात तुझे किती? मी सांगितलं, बहात्तर हजार. त्या कितीतरी वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आमच्या वेळी असं वेगळं लिहीत नव्हते गं."

काम कुणाला मिळतं, ते अजून कळायचंय. दिवस मोजलेलं पान मात्र भाचीनं वहीत जपून ठेवलंय. पुढच्या लिफाफ्याला ते लागणारच आहे.